चूक कबूल, पण कोणती?

वैद्यकीय महाविद्यालयात काही वर्षे काढलेल्या कोणालाही ‘सीपीसी’, म्हणजे क्लिनिको-पॅथॉलॉजिकल कॉन्फरन्स, ही काय चीज आहे ते सांगावे लागत नाही. ठरलेल्या दिवशी मोठ्या लेक्चर हॉलमध्ये सगळे विभाग जमतात. एका रुग्णाची हकिकत वाचून दाखवली जाते: वय, तक्रारी, तपासण्या, कोणत्या दिवशी काय दिले आणि मृत्यू कधी झाला. मग त्या रुग्णाला कधी डोळ्यांनी न पाहिलेला एक वरिष्ठ डॉक्टर उठतो आणि तेवढ्या कागदावरून रोग कोणता असावा याचा माग काढत जातो. कोणी शंका काढतो, कोणी त्याने वगळलेला मुद्दा पुढे करतो, एखादा निवासी डॉक्टर धीर करून वेगळेच निदान सुचवतो. शेवटी पॅथॉलॉजिस्ट शवविच्छेदनात काय सापडले ते पडद्यावर दाखवतो आणि वाद तिथे संपतो. या प्रथेला शंभरहून अधिक वर्षे झाली. ती अमेरिकेतल्या बोस्टन शहरात घडली आणि तिथून जगभर गेली. तिने डॉक्टरांना निदानाची तर्कपद्धती शिकवली, असे तिच्याबद्दल नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे, पण माझ्या मते तिचे मोठे काम वेगळे होते. वरिष्ठाला कनिष्ठांसमोर, अब्रू न गमावता, चुकता येईल अशी एक जागा तिने वैद्यकाला दिली. मात्र ती मुभा एकाच प्रकारच्या चुकीपुरती होती: रोगाचे नाव चुकले तर चालेल, रुग्णाला जे केले ते चुकले का, हे विचारायचे नाही. ही मर्यादा नजरचुकीने राहिली नाही. प्रथा टिकली ती या मर्यादेच्याच जोरावर.

या प्रथेचे दोन घटक जुने होते. लायडनमध्ये 18व्या शतकाच्या पूर्वार्धात हर्मान बुर्हाव बारा खाटांभोवती विद्यार्थ्यांना उभे करून शिकवत असे. राज्यक्रांतीनंतरच्या पॅरिसने तीच रीत मोठमोठ्या इस्पितळांत नेली आणि 19व्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम ऑस्लरने विद्यार्थ्याला थेट वॉर्डातच कामाला लावले. दुसरा घटक शवविच्छेदनाचा. पादुआच्या जोवान्नी बात्तिस्ता मोर्गान्यीने 1761 साली, वयाच्या 79व्या वर्षी, सत्तर पत्रांचा एक ग्रंथ छापला. त्यात सुमारे सातशे रुग्णांची जिवंतपणीची लक्षणे आणि मृत्यूनंतर शरीरात आढळलेले बदल शेजारीशेजारी मांडले होते. म्हणजे खाटही होती आणि शवविच्छेदनाचे टेबलही होते. नव्हती ती मधली पायरी: उत्तर कळण्यापूर्वी अनेकांनी मिळून, उघडपणे, एकाच रुग्णावर डोके चालवणे. खाटेभोवतीच्या राउंडला चर्चा म्हणायचे ते केवळ सौजन्याने. रुग्ण ऐकत असतो, वेळ थोडा असतो, प्रश्न वरून खाली येतो आणि उत्तर खालून वर जाते. आपल्या चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्याने वैद्याशी कशी चर्चा करावी याचे बारीक नियम आहेत. स्नेहाची चर्चा वेगळी आणि जिंकण्यासाठीची वेगळी, हा भेदही तिथे केलेला आहे. पण त्या चर्चेचा विषय सिद्धान्त आहे, खाटेवरचा अमुक एक माणूस नव्हे.

ती मधली पायरी वैद्यकाने वकिलांकडून उचलली. हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयाचा अधिष्ठाता क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल याने 1870 नंतर व्याख्यानांऐवजी प्रत्यक्ष निकालपत्रे विद्यार्थ्यांच्या हाती देऊन त्यांवर वर्गात वाद घडवून आणायला सुरुवात केली होती. तीसेक वर्षांनी त्याच विद्यापीठात वैद्यक शिकणारा वॉल्टर कॅनन हा आपल्या खोलीत राहणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्याला, हॅरी बिगेलोला, पाहत होता. हा गडी आणि त्याचे सोबती जेवतानासुद्धा खटल्यांवर हिरिरीने भांडत. कॅननच्या वाट्याला मात्र तासन्‌तास बसून उतरवून घ्यायची व्याख्याने होती. त्याने डॉ. वॉल्टन या मज्जाविकाराच्या शिक्षकाला गळ घातली आणि वॉल्टनने आपल्या खासगी रुग्णांपैकी एकाची माहिती छापून वर्गाला दिली. प्रयोग जमला. जानेवारी 1900 मध्ये ‘बोस्टन मेडिकल अँड सर्जिकल जर्नल’मध्ये कॅननचा लेख आला, तेव्हा त्याला वैद्यकाची पदवीही मिळालेली नव्हती. हाच कॅनन पुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाला. संकटात शरीर लढायला किंवा पळायला कसे सज्ज होते, ही आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेली कल्पना त्याची. शिक्षणपद्धतीवरचा तो तरुणपणीचा लेख त्याच्या कीर्तीत कुठल्या कुठे दबून गेला.

कायद्याकडून घेतलेल्या या कल्पनेत एक अडचण होती. वकिलाच्या वर्गात खटल्याचा निकाल आधीच लागलेला असतो आणि तो निकाल वर्गातल्या शिक्षकाने दिलेला नसतो. न्यायाधीश बाहेरचा असतो. वॉल्टनच्या वर्गात रुग्ण वॉल्टनचा, निदानही वॉल्टनचेच. विद्यार्थ्यांनी कितीही वाद घातला तरी अखेर बरोबर काय ते गुरुजीच सांगणार. चर्चेचा देखावा झाला तरी अधिकाराची रचना तशीच राहिली. ही फट ज्याच्या ध्यानात आली तो रिचर्ड क्लार्क कॅबट. बोस्टनच्या धनाढ्य, जुन्या घराण्यातला हा माणूस मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करत होता आणि स्वभावाने जरा अवघडच होता. सत्य बोलण्याबद्दल त्याचा हट्ट असा की रुग्णाशी खोटे बोलणे, त्याच्या समाधानासाठी निरुपयोगी औषध देणे, याविरुद्ध त्याने 1903 मध्येच लेख लिहिला होता. 1906 मध्ये त्याने केसपद्धतीने वैद्यक शिकवण्यावर पुस्तक काढले. पण त्याचे खरे वेगळेपण दिसते ते त्याने शवविच्छेदनांच्या नोंदी घेऊन बसण्यात. 1910 मध्ये एक हजार आणि 1912 मध्ये तीन हजार शवविच्छेदनांची त्याने जिवंतपणीच्या निदानांशी ताडून पाहणी छापली. मधुमेहाचे निदान 95 टक्के वेळा बरोबर निघाले, विषमज्वराचे 92 टक्के. हृदयावरणाचा तीव्र दाह ओळखला गेला होता तो अवघ्या 20 टक्के रुग्णांत, तीव्र मूत्रपिंडदाह 16 टक्के. हे कोणा खेडेगावच्या दवाखान्याचे आकडे नव्हते. ज्या इस्पितळात 1846 साली ईथरची भूल जगापुढे सिद्ध झाली, त्या इस्पितळाचे होते.

याच सुमारास, 1910 मध्ये, कॅबट आणि त्याच इस्पितळाचा पॅथॉलॉजिस्ट जेम्स होमर राइट यांनी साप्ताहिक सभा सुरू केली. कॅबटपुढे केसचा कागद ठेवला जाई, तो सर्वांसमोर मोठ्याने विचार करी, निदान सांगे, आणि मग राइट उठून शवविच्छेदनाचा अहवाल वाचे. वकिलांच्या वर्गात असलेला बाहेरचा न्यायाधीश अशा रीतीने वैद्यकाला मिळाला. तो पद, वय, कीर्ती यांपैकी कशालाच बधणारा नव्हता, कारण तो सांगत होता ते शरीरातून निघालेले होते. काही वर्षांतच या केसेस छापून वर्गणीदारांना टपालाने जाऊ लागल्या. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला ‘बोस्टन मेडिकल अँड सर्जिकल जर्नल’ त्या नियमित छापू लागले आणि 1928 मध्ये त्या नियतकालिकाचे नाव ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ झाले. कॅबटनंतर ट्रेसी मॅलरी, बेंजामिन कॅसलमन, रॉबर्ट स्कली, नॅन्सी ली हॅरिस अशा संपादकांनी ते सदर चालवले. वैद्यकीय नियतकालिकांतले इतके दीर्घायुषी सदर सहसा सापडणार नाही. छापण्याचा परिणाम मोठा होता. बोस्टनमधल्या एका खोलीत एक नामवंत डॉक्टर चुकला, हे जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात बसून वाचता येऊ लागले.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: हे सगळे नाटक आहे. दुर्मीळ रोग निवडून काढायचे, वक्त्याला हुशारी दाखवायला रंगमंच द्यायचा, आणि रोजच्या दवाखान्यात जे दिसते त्याच्याशी याचा संबंध काय? दुर्मीळ रोगांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. साधा न्यूमोनिया, साधी रक्ताल्पता यांना या व्यासपीठावर मानाचे पान कधी मिळाले नाही, आणि डॉक्टरांच्या काही पिढ्यांना साध्या तक्रारीमागे असाधारण कारण शोधण्याची खोड लागली असेल तर तिचे माप काही अंशी याच सभेच्या पदरात टाकावे लागेल. पण हुशारी मिरवण्याचा आक्षेप अर्धाच टिकतो. 1982 मध्ये ‘इंटर्निस्ट-1’ हा संगणकीय कार्यक्रम तपासण्यासाठी संशोधकांनी याच सदरातल्या 19 केसेस घेतल्या. त्यांत मिळून 43 निदाने होती. त्यांपैकी यंत्राने 25 बरोबर सांगितली, रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी 28, आणि सभेत बोलायला बोलावलेल्या तज्ज्ञांनी 35. म्हणजे खास बोलावलेले, तयारीनिशी आलेले, हा रुग्ण साधा नसणार हे आधीच ओळखून असलेले लोकसुद्धा 43 पैकी 8 वेळा चुकले, आणि ते जसेच्या तसे छापले गेले. नुसते मिरवायचे असते तर कोणी एवढी जोखीम घेतली नसती. त्याच वर्षी डेव्हिड एडी आणि चार्ल्स क्लँटन यांनी या सभांतली भाषणे तपासून दाखवले की वक्ते पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सगळी लक्षणे तोलत बसत नाहीत. एखादी ठळक खूण पकडतात, तिच्याभोवती कारणांची यादी उभी करतात आणि एकेक छाटत जातात. डॉक्टर प्रत्यक्षात कसा विचार करतो याचा एवढा मोठा, तारीखवार साठा दुसऱ्या कुठल्या प्रथेने मागे ठेवलेला नाही.

तरीही या चुकण्याची किंमत नीट पाहिली पाहिजे. बोलणाऱ्याने रुग्ण पाहिलेला नसतो. त्याच्या चुकीने कोणाचे काही बिघडत नाही. रुग्ण आधीच गेलेला असतो. ज्यांनी प्रत्यक्ष उपचार केले ते प्रेक्षकांत बसलेले असतात आणि प्रश्न त्यांच्याकडे वळत नाही. चूक आहे, पण ती कोणाच्या अंगाला लागत नाही. कॅबटच्या पाहणीतही हीच खबरदारी दिसते. त्याच्या तक्त्यांत टक्केवारी रोगांची आहे. डॉक्टरांची नाही, वॉर्डांचीही नाही. मूत्रपिंडदाह चुकला असे तिथे कळते. तो कोणाकडून चुकला, चुकल्यामुळे रुग्णाला काय दिले गेले, ते कळत नाही. हे मी दोष म्हणून नोंदवत नाही. एवढे झाकल्याशिवाय एवढे उघडता आले नसते, असा माझा दावा आहे, आणि त्याला पुरावा त्याच इस्पितळात, त्याच वर्षांत मिळतो.

अर्नेस्ट एमरी कॉडमन हा कॅबटपेक्षा एका वर्षाने लहान, त्याच हार्वर्डचा, त्याच इस्पितळातला सर्जन. विद्यार्थी असतानाच त्याने आणि हार्वी कुशिंगने भूल दिलेल्या रुग्णाच्या नाडीचे तक्ते ठेवायला सुरुवात केली होती. त्याचे मागणे एका वाक्यात सांगता येते: प्रत्येक रुग्णाचा मागोवा घ्या, शस्त्रक्रियेचा अंतिम परिणाम काय झाला ते पाहा, अपयश आले असेल तर का आले ते लिहा, आणि ते सर्वांना वाचू द्या. सर्जनला बढती सेवाज्येष्ठतेने न देता या परिणामांवर द्या, हे त्याला जोडून आलेच. इस्पितळाने नकार दिला. 1914 मध्ये त्याने राजीनामा दिला. 1911 मध्ये त्याने स्वतःचे छोटे इस्पितळ काढलेच होते. तिथे 1916 पर्यंत 337 रुग्ण बरे होऊन वा न होऊन घरी गेले, आणि त्यांच्या उपचारांत आपल्याकडून 123 चुका झाल्या असे त्याने स्वतःच छापून टाकले. त्याच्या वर्गवारीत चुकीचे निदान हा अनेक प्रकारांपैकी एक प्रकार आहे. शेजारी कौशल्य कमी पडणे, निर्णय चुकणे, काळजी न घेणे अशी खाती आहेत. जानेवारी 1915 मध्ये बोस्टनच्या वैद्यकीय संस्थेच्या सभेत त्याने भलेमोठे व्यंगचित्र उलगडले. वाळूत डोके खुपसलेला शहामृग म्हणजे शहरातली श्रीमंत वस्ती, तो मागे लाथाडतो ती सोन्याची अंडी डॉक्टरांकडे जातात, आणि सत्य कळले तर अंडी मिळतील का, या विवंचनेत विश्वस्त उभे आहेत. त्यानंतर त्याला त्या संस्थेच्या शस्त्रक्रिया विभागाचे अध्यक्षपद सोडावे लागले आणि हार्वर्डमधली शिक्षकाची जागाही गेली. तो 1940 मध्ये वारला; त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला 2014 साली.

कॉडमन भांडखोर होता, व्यंगचित्र दाखवून त्याने स्वतःच वैर ओढवून घेतले, त्याच्या कल्पनेचा यात दोष नाही, असे म्हणणारे आहेत. स्वभावाचा भाग होताच. पण मग पुढच्या घटनेचे काय करायचे? अमेरिकन सर्जनांच्या कॉलेजाने 1919 मध्ये शंभर किंवा अधिक खाटांच्या 692 इस्पितळांची किमान निकषांवर तपासणी केली. 89 उतरली. बाकीच्यांत देशातली नामांकित इस्पितळे होती. यादी जाहीर व्हायच्या आदल्या रात्री न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या भट्टीत ती जाळण्यात आली. तिथे कोणी भांडखोर सर्जन उभा नव्हता, कोणाचे व्यंगचित्र नव्हते, होते ते सौम्य, सन्माननीय पदाधिकारी. ज्या दशकात कॅबटच्या सभेतल्या चुका टपालाने घरोघर जात होत्या, त्याच दशकात ही यादी राख झाली. दोन्हींचा मजकूर एका अर्थाने एकच होता: चांगल्या इस्पितळांतही चुका होतात. फरक एवढाच की पहिलीत चूक रोगाच्या अवघडपणावर टाकता येत होती, दुसरीत ती माणसांच्या नावावर पडत होती.

कृतीतल्या चुकांवरची चर्चा पुढे वेगळ्या वाटेने आली. फिलाडेल्फियात 1930च्या दशकाच्या मध्यावर भूलतज्ज्ञांनी भुलेदरम्यान झालेल्या मृत्यूंवर नियमित चर्चा सुरू केली, आणि सर्जरीच्या विभागांत मृत्यू व गुंतागुंत यांच्या सभा हळूहळू रुळल्या. मेडिसिनवाल्यांनी त्या उचलल्या, पण आपल्या वळणाने. अमेरिकेतल्या चार शैक्षणिक रुग्णालयांतल्या अशा सभांची पाहणी 2003 मध्ये छापून आली. सर्जरीच्या 72 टक्के केसेसमध्ये उपचारातून काही अपाय झालेला होता. मेडिसिनच्या 37 टक्के केसेसमध्ये. ज्या सभा चुका बोलण्यासाठीच भरवल्या होत्या, तिथेही मेडिसिनचे डॉक्टर बहुतेक वेळ रंजक निदानावर बोलत होते. जवळजवळ शंभर वर्षांची सवय एवढी खोल गेलेली होती.

दुसरी उणीव कागदाची. सभेपुढे येतो तो माणूस नसतो. कोणीतरी आधी चाळून, काय महत्त्वाचे ते ठरवून लिहिलेला मजकूर असतो. रुग्ण काय लपवत होता, घरी औषधाला पैसे होते का, हे त्या मजकुरात सहसा नसते. गंमत अशी की हे कॅबटइतके कोणालाच कळलेले नव्हते. क्षयाच्या रुग्णाला विश्रांती आणि दूधअंडी लिहून द्यायची आणि त्याने दुसऱ्या दिवशी कारखान्यात कामावर जायचे, या प्रकाराला कंटाळून त्याने 1905 मध्येच इस्पितळात समाजसेवेचा विभाग उघडला होता. प्रशासन सुरुवातीला पैसे द्यायला तयार नव्हते. ते त्याने आणि त्याच्या स्नेह्यांनी उभे केले. पुढे हा विभाग चालवला तो वॉल्टर कॅननच्या बहिणीने, आयडा कॅननने. म्हणजे भावाने सुचवलेली पद्धत रुग्णाला कागदावर आणत होती आणि बहीण कागदाबाहेरच्या रुग्णाच्या घरी जात होती, आणि दोन्हींच्या मागे कॅबट उभा होता. पण त्याने हे दोन धागे एकत्र विणले नाहीत. समाजसेविकेची नोंद सीपीसीच्या कागदात स्थिरावली नाही. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातला संबंधच चर्चेला घ्यायचा, हा प्रयत्न व्हायला 1950 उजाडावे लागले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बालिंट या हंगेरियन मनोविश्लेषकाने जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचे गट बसवले. तिथे पॅथॉलॉजिस्ट नव्हता, बरोबर उत्तर नव्हते. ‘हा रुग्ण माझ्याकडे पुन्हा पुन्हा का येतो आणि तो आला की माझी चिडचिड का होते’ अशासारखे प्रश्न होते. 1957 मध्ये त्याचे पुस्तक आले आणि बालिंट गट युरोपभर पसरले. इस्पितळांत मात्र ते फारसे शिरले नाहीत, आणि त्यात नवल नाही: जिथे चुकीचे उत्तरही सभेत चालते तिथेसुद्धा उत्तरच नसणे चालत नाही.

केसच्या गटचर्चेने विद्यार्थ्याला जास्त येते असे सिद्ध झालेले नाही, असाही एक आक्षेप आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने 1969 पासून सगळा अभ्यासक्रमच छोट्या गटांतल्या केसचर्चेवर उभा केला. तेव्हापासून जगभर तुलना झाल्या आणि परीक्षेतल्या ज्ञानात मोठा फरक दिसला नाही. मला हा आक्षेप निर्णायक वाटत नाही, कारण परीक्षा एकट्याची असते आणि तिचे उत्तर गुप्त असते. चारचौघांत आपले मत मांडणे, ते मोडलेले पाहणे आणि तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलायला उभे राहणे, ही गोष्ट त्या गुणपत्रिकेत मोजलीच जात नाही.

अधिक गंभीर गोष्ट अशी की न्यायाधीशच उठून गेला आहे. 20व्या शतकाच्या मध्यावर अमेरिकी इस्पितळांतल्या मृतांपैकी निम्म्याच्या आसपास शवविच्छेदने होत; इस्पितळांना मान्यता देणाऱ्या संस्थेने ठराविक प्रमाणाची अट 1970च्या सुमारास काढून टाकली आणि शतकाअखेर हे प्रमाण दहा टक्क्यांखाली घसरले. स्कॅन आले, मग शव उघडून काय नवे कळणार, हा युक्तिवाद. तोही तपासला गेला आहे. बोस्टनच्याच एका इस्पितळातली 1960, 1970 आणि 1980 या वर्षांतली प्रत्येकी शंभर शवविच्छेदने ली गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये तोलून पाहिली. कळले असते तर उपचार बदलून रुग्ण कदाचित वाचला असता अशा चुका तिन्ही वर्षांत दहा टक्क्यांच्या आसपासच होत्या. यंत्रे बदलली, हा आकडा हलला नाही. आणि आता कागदावरची केस सोडवायला यंत्रही आले आहे. 2023 मध्ये जीपीटी-4 ला याच सदरातल्या 70 केसेस दिल्या, तेव्हा त्याचे पहिले निदान 39 टक्के वेळा बरोबर आले आणि संभाव्य निदानांच्या यादीत बरोबर नाव 64 टक्के वेळा होते. नाव ओळखण्याचे कसब माणसाची मक्तेदारी राहिलेले नाही, आणि शतकभर या सभेने जपले ते प्रामुख्याने हेच कसब.

आपल्याकडे ही प्रथा वैद्यकीय महाविद्यालयांनी आपलीशी केली. मुंबईत केईएमसारख्या रुग्णालयाने शवविच्छेदनाची परंपरा इतरांपेक्षा जास्त जपली आणि तिथल्या प्राध्यापकांच्या संस्थेने 1955 मध्ये सुरू केलेल्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये तिच्यावर आधारलेले अभ्यास येत राहिले. पण एरवी आपल्याकडची बहुतेक पोस्टमॉर्टेम पोलिसी कारणाने होतात. तो अहवाल तपासासाठी जातो, वॉर्डात शिकवायला परत येत नाही. त्यातच 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आल्यापासून, सभेत कबूल केलेली चूक उद्या वकिलाच्या हाती पडेल, ही भीती डॉक्टरांना आहे. ती खोटी नाही. अमेरिकेतल्या राज्यांनी अशा चर्चांना कायद्याचे संरक्षण दिले ते याचसाठी. पण भीती खरी आहे म्हणून मार्गच नाही असे होत नाही. 2010 पासून देशात मातामृत्यूंची तपासणी होते. प्रसूतीच्या वेळी बाई दगावली तर ती कोणत्या आजाराने गेली एवढ्यावर न थांबता गाडी कधी मिळाली, रक्त होते का, डॉक्टर किती वाजता आले, हे विचारायचे, नाव घेऊन कोणावर ठपका ठेवायचा नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या आढाव्याला मृत बाईच्या नातेवाइकांना बोलवायचे, असे त्या तपासणीचे नियम सांगतात. सगळीकडे ते नीट पाळले जातात असे नाही. तरी कॉडमनला जे बोस्टनमध्ये मिळाले नाही, त्याचा आराखडा आपल्या सरकारी कागदावर आहे.

तेव्हा आपल्या महाविद्यालयांतल्या सीपीसी भरवणाऱ्या विभागप्रमुखांकडे एकच मागणे आहे. पॅथॉलॉजिस्टने शेवटची स्लाइड दाखवल्यावर दिवे लावून चहाला जाऊ नका. उपचार करणाऱ्या टीमला पुढे बसवा आणि उरलेला अर्धा तास रुग्णाला काय केले, केव्हा केले आणि काय करायचे राहिले यावर बोला.